२०५/५५ आर १६ ९१ व्ही: टायरवरची ओळ वाचायची कशी आणि तिच्यावरून ठरवायचं कसं

कारच्या टायरवरची ती एक ओळ अवघड वाटते याचं कारण साधं आहे. तिच्यात निरनिराळ्या जातीची माहिती शेजारी-शेजारी बसवली आहे आणि कोणती माहिती कोणत्या जातीची, हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचांत. चौथा तर माप नाहीच, एका तक्त्यातला क्रमांक आहे. मधलं अक्षर टायरच्या बांधणीबद्दल सांगतं आणि शेवटचं वेगाबद्दल. एकदा ही फोड डोक्यात बसली की उरतो तो फक्त गुणाकार आणि बेरीज.

या लेखात २०५/५५ आर १६ ९१ व्ही हाच टायर शेवटपर्यंत उदाहरणाला घेतो. मध्यम आकाराच्या कारना जगभर बसणारं हे माप आहे. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, वाचायची रीत तीच.

आधी गाडी वाचा, मग टायर

सुरुवात टायरपासून करू नका. आता गाडीला लावलेला टायर बरोबरच आहे, असं कशावरून? आधीच्या मालकाने बदलला असेल, मागच्या वेळी घाईत जो मिळाला तो बसवला असेल. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं माप ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा दाराच्या कडेवर चिकटवलेल्या लेबलवर असतं. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं, आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत तर असतंच.

या लेबलवर तीन गोष्टी पाहायच्या. एक, पूर्ण ओळ, म्हणजे शेवटच्या '९१ व्ही'सकट. बरेच जण '२०५/५५ आर १६' एवढंच लिहून घेतात आणि तिथेच चुकतात. दोन, पर्यायी मापं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळ्या रिम येतात, त्यामुळे दोन-तीन मापं छापलेली असू शकतात, आणि ती सगळी कंपनीने तपासलेली असतात. तीन, हवेचा दाब. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचाही वेगळा. काही गाड्यांना पुढे एक माप आणि मागे त्याहून रुंद असं दुसरंच माप असतं, तेही इथेच कळतं.

आता टायरकडे जा. ओळ बाजूच्या भिंतीवर उठावाच्या अक्षरांत असते. चिखल बसला असेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि टॉर्चचा उजेड समोरून न टाकता तिरपा टाका, अक्षरं सावलीमुळे लगेच उठून दिसतात. चारही टायर आणि स्टेपनी वाचा. एक टायर वेगळ्या मापाचा किंवा वेगळ्या भारांकाचा (किती भार पेलतो ते सांगणाऱ्या क्रमांकाचा) निघाला, तर ते नवीन टायर घेण्याआधीच कळलेलं बरं.

२०५: रुंदी, पण कुठली?

पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी एका बाजूच्या भिंतीच्या सर्वांत बाहेर आलेल्या जागेपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेपर्यंतची. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याची नव्हे, तो पट्टा साधारणपणे याहून अरुंद असतो. म्हणून घरी टेपने नक्षीची रुंदी मोजून '२०५ येत नाही' अशी शंका घेण्यात अर्थ नाही.

हे माप ठरावीक रुंदीच्या रिमवर टायर बसवून, हवा भरून घेतलेलं असतं. आपल्या उदाहरणातल्या टायरसाठी ती रिम ६.५ इंच रुंद. तोच टायर ५.५ ते ७.५ इंचांपर्यंतच्या रिमवर बसवायला परवानगी आहे. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायरचं पोट साधारण ५ मिलिमीटरने फुगतं, अरुंद झाली की तेवढंच आवळतं. शिवाय दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरांतही काही मिलिमीटरचा फरक निघतो, तो नियमात धरलेलाच असतो.

५५: सगळा घोळ इथे होतो

दुसरा आकडा टक्का आहे. भिंतीची उंची ही रुंदीच्या किती टक्के, एवढंच तो सांगतो. म्हणजे ५५ चा अर्थ ५५ मिलिमीटर नाही. २०५ चे ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत रबराची एवढी उंची असते.

टक्का असल्यामुळे हा आकडा पहिल्या आकड्याशिवाय वाचताच येत नाही. २०५/५० आणि २५५/४० हे दोन टायर घ्या. आकड्यांकडे पाहून चाळीसवाला बराच ठेंगणा वाटेल. हिशेब करा: २०५ चे ५० टक्के १०२.५, आणि २५५ चे ४० टक्के १०२. भिंतीच्या उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक!

उलट बाजूनेही हाच सापळा आहे. कुणी म्हणतं, 'फक्त रुंदी वाढवतो, बाकी सगळं तेच ठेवतो,' आणि २०५/५५ आर १६ च्या जागी २२५/५५ आर १६ घेतो. ५५ बदलला नाही, १६ बदलला नाही, तरी भिंत ११२.७५ वरून १२३.७५ मिलिमीटर झाली. वर ११ आणि खाली ११ मिळून टायरचा व्यास २२ मिलिमीटरने वाढला. वळण घेताना किंवा पूर्ण भारात असताना तो मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो, आणि स्पीडोमीटरचा हिशेबही बदलतो. रुंदी वाढवायची आणि उंची टिकवायची तर टक्का कमी करावाच लागतो.

काही जुन्या मापांत हा दुसरा आकडा नसतोच, नुसतं १५५ आर १३ असं लिहिलेलं असतं. तेव्हा तो साधारण ८० ते ८२ टक्के धरायचा. टायर उंचच असायचे त्या काळातलं हे लिखाण, त्यामुळे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आर: एका अक्षरात बांधणी

आर म्हणजे रेडियल. टायरच्या आतले दोरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ आडवे जातात, चाकाच्या मध्यापासून निघालेल्या त्रिज्यांसारखे, आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. मिशेलिनने याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ मध्ये असा टायर बाजारात आणला. आज कारला जवळपास सगळे टायर रेडियलच येतात. आरच्या जागी डी असेल किंवा नुसती आडवी रेघ असेल तर दोरे तिरके विणलेला जुन्या धर्तीचा टायर समजायचा. बी असेल तर तिरक्या दोऱ्यांवर पट्टा घातलेला. एकाच गाडीवर रेडियल आणि तिरक्या दोऱ्यांचे टायर मिसळू नयेत, दोघांचं वळणावरचं वागणं वेगळं असतं.

आणखी एक: आर म्हणजे 'रेडियस', म्हणजे त्रिज्या, असं सांगणारे भेटतात. पुढचा १६ हा व्यास आहे, त्रिज्या नाही. आरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

१६: रिमचा व्यास

हा आकडा इंचांत आहे. टायर ज्या जागी रिमवर बसतो तिथला व्यास १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. रिमच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावलात तर जास्त भरेल, कारण टायर धरून ठेवणारी ती कड बसण्याच्या जागेपेक्षा उंच असते. म्हणून रिम मोजत बसण्यापेक्षा रिमवर कोरलेलं वाचा. ६.५ जे × १६ असं काहीतरी असेल: साडेसहा इंच रुंदी, कडेच्या आकाराचा प्रकार जे आणि १६ इंच व्यास.

एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच का, हा प्रश्न रास्त आहे. मिशेलिनने १९७० च्या दशकात रिमही मिलिमीटरमध्ये आणून पाहिली होती, म्हणून काही जुन्या गाड्यांवर १९०/६५ आर ३९० असली मापं आढळतात. त्या रिमवर इंची टायर बसत नाही आणि ती पद्धत टिकली नाही. इंच तसाच राहिला.

या आकड्यात 'जवळपास' चालत नाही. १६ चा टायर १५ किंवा १७ च्या रिमवर बसणार नाही, हे उघड आहे. धोका असतो तो अर्ध्या इंचाच्या फरकात. हलक्या ट्रकांना पूर्वी १६.५ इंची रिम येत. तिच्यावर १६ चा टायर ताणून चढवून हवा भरली की टायरची तारेची कड तुटून स्फोट होऊ शकतो. जुनी रिम वापरायची असेल तर तिच्यावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय टायर चढवायचा नाही.

आता तीनही मापं हातात आली, तर टायरचा पूर्ण व्यास काढून ठेवा, पुढे लागणार आहे. दोन भिंती अधिक रिम: ११२.७५ + ११२.७५ + ४०६.४ = ६३१.९ मिलिमीटर.

९१: भारांक

९१ म्हणजे ९१ किलो नाही, हे लगेच लक्षात येतं. पण मग काय? हा वर्गातल्या हजेरी क्रमांकासारखा आहे. क्रमांकावरून थेट काही कळत नाही, तक्ता उघडून समोरचा आकडा पाहावा लागतो. ९१ समोर ६१५ किलो आहे, म्हणजे योग्य दाबाची हवा असताना हा एक टायर जास्तीत जास्त ६१५ किलो भार पेलतो. कारच्या टायरांत नेहमी भेटणारे क्रमांक असे:

८० – ४५० किलो
८२ – ४७५ किलो
८४ – ५०० किलो
८५ – ५१५ किलो
८६ – ५३० किलो
८७ – ५४५ किलो
८८ – ५६० किलो
९१ – ६१५ किलो
९४ – ६७० किलो
९५ – ६९० किलो
९८ – ७५० किलो
१०० – ८०० किलो

चार टायर गुणिले ६१५ म्हणजे २,४६० किलो, आणि गाडी तर इतकी जड नाही, तेव्हा भारांक थोडा कमी चालेल, असा हिशेब करू नका. भार चारही चाकांवर सारखा पडत नाही. ब्रेक मारला की पुढे सरकतो, वळणावर बाहेरच्या बाजूला जातो. खरा हिशेब आसाप्रमाणे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीप्रमाणे करतात. गाडीच्या पाटीवर पुढच्या आसाची मर्यादा समजा १,०४० किलो दिली आहे. तिचा अर्धा ५२०, म्हणजे निदान ८६ क्रमांक हवा. तरीही कंपनीने ९१ लिहिलं असेल तर ९१ च घ्यायचा. ती जादाची जागा विचार करून ठेवलेली असते. भारांक लेबलपेक्षा वर चालतो, खाली नाही. या एका बाबतीत मी कसलीही तडजोड सुचवणार नाही.

व्ही: वेगाचं अक्षर

शेवटचं अक्षर टायर किती वेगापर्यंत आपल्या भारासह टिकेल, हे सांगतं. क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००, सगळे किलोमीटर प्रतितास. वाय कंसात असेल तर ३०० च्याही वर. इथला आर वेगाचा आणि मधला आर बांधणीचा, दोन्ही वेगळे.

एच मध्येच कसा घुसला, हे ज्यांना खटकतं त्यांच्यासाठी: सुरुवातीला एस, एच आणि व्ही अशा मोजक्याच पायऱ्या होत्या. मधल्या आणि वरच्या पायऱ्या नंतर भरल्या आणि एच आपल्या जागी तसाच राहिला. त्याच जुन्या काळाची खूण म्हणजे मापाच्या मध्ये लिहिलेलं झेडआर, म्हणजे २४० च्या वरचा टायर. हल्ली झेडआर लिहिलं तरी शेवटी डब्ल्यू किंवा वाय असतोच, तेव्हा विश्वास त्या शेवटच्या अक्षरावर ठेवा.

'मी कधी १२० च्या वर जात नाही, मला व्ही कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. वेगाची परीक्षा मुळात उष्णतेची परीक्षा आहे. वेग वाढला की टायर दर सेकंदाला जास्त वेळा दबतो आणि सुटतो, त्याने तापतो, आणि तापूनच फाटतो. वरचं अक्षर मिळवणाऱ्या टायरची बांधणी त्या उष्णतेला पुरेल अशी केलेली असते. गाडीचं वळणं, ब्रेक लागणं हेही त्याच बांधणीवर जुळवलेलं असतं. म्हणून नियम भारांकासारखाच: लेबलइतका किंवा वरचा. खास बर्फासाठीच्या टायरांना बऱ्याच ठिकाणी खालचं अक्षर चालतं, पण मग गाडीही त्याच मर्यादेत चालवायची.

एक्सएल आणि हवेच्या आकड्याचा गैरसमज

तोच २०५/५५ आर १६ कधी ९४ भारांकाने मिळतो आणि पुढे एक्सएल, 'एक्स्ट्रा लोड' किंवा 'रीइन्फोर्स्ड' लिहिलेलं असतं. ९१ वाला ६१५ किलो, हा ६७० किलो. माप तेच, बांधणी दणकट. पण एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत: हा जादाचा भार फुकट मिळत नाही. साधा टायर आपला पूर्ण भार २५० किलोपास्कलला, म्हणजे साधारण ३६ पीएसआयला उचलतो (दोन्ही हवेच्या दाबाची एककं). एक्सएलला आपला पूर्ण भार उचलायला २९० किलोपास्कल, म्हणजे ४२ पीएसआय हवा लागते. पूर्वीइतकीच हवा भरलीत तर टायर दणकट आहे, पण पेलतो जवळपास तेवढंच. टायरचा भार मुख्यतः आतली हवा उचलते, रबर नाही.

याच्याच जोडीला दुसरा गैरसमज. भिंतीवर बारीक अक्षरांत जास्तीत जास्त भार आणि जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, समजा ६१५ किलो आणि ३५० किलोपास्कल किंवा ५१ पीएसआय. तो पाहून काही जण तेवढी हवा भरतात. ती टायरची वरची हद्द आहे, तुमच्या गाडीचा दाब नाही. गाडीचा दाब दाराजवळच्या लेबलवरच. तोही टायर थंड असताना मोजायचा, गाडी चालवून आल्यावर लगेच नाही.

माप बदलायचं असेल तर

आता पेन्सिल घ्या. मूळ टायरचा व्यास ६३१.९. बदली टायरचा व्यास याच्या फार जवळ हवा, दोन टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. तीन टक्क्यांच्या पुढे मी तरी जाणार नाही. काही पर्याय पडताळून पाहू.

१९५/६५ आर १५: भिंत १२६.७५, दोन भिंती २५३.५, रिम ३८१, एकूण ६३४.५. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक. रिम लहान, रबर जास्त, खड्ड्यांवर मऊ. पण १५ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून, म्हणजे ब्रेकची चकती आवळणाऱ्या भागावरून जाते का, हे आधी पाहावं लागेल.

२२५/४५ आर १७: भिंत १०१.२५, दोन भिंती २०२.५, रिम ४३१.८, एकूण ६३४.३. व्यास जुळला. रिम एक इंचाने वाढली आणि भिंत साडेअकरा मिलिमीटरने घटली. साधा असेल तर भारांक ९१, तोही जुळला. म्हणूनच अनेक मॉडेलांच्या लेबलवर ही दोन मापं शेजारी दिसतात.

२१५/४५ आर १७: एकूण ६२५.३, म्हणजे सुमारे एक टक्का कमी. कागदावर चालेल असं वाटतं. पण साध्या बांधणीत या मापाचा भारांक ८७ असतो, ५४५ किलो. प्रत्येक टायरमागे ७० किलो कमी. इथे एक्सएलच लागेल, त्याचा भारांक ९१, आणि मग हवेचा दाबही त्याप्रमाणे वाढवावा लागेल. व्यासाच्या परीक्षेत पास झालेला टायर भाराच्या परीक्षेत नापास होतो तो असा. नुसता व्यास जुळवून देणारे कॅल्क्युलेटर हे दाखवत नाहीत.

२०५/६० आर १६: भिंत १२३, एकूण ६५२.४. वाढ ३.२ टक्के. 'गाडी जरा उंच होईल' म्हणून लोक हे घेतात. उंची वाढते ती व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर पूर्वी ज्या वेळी १०० दाखवायचा त्या वेळचा वेग आता ३.२ टक्क्यांनी जास्त असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. कंपन्या त्यासाठी काटा थोडा वर ठेवतात, आणि मोठा टायर ती राखीव जागा खातो. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजू लागतो आणि मायलेज घटल्याचा भास होतो. काही प्रमाणात ते खरंच घटतंही, कारण मोठा आणि जड टायर फिरवायला जास्त जोर लागतो, पण हे दोन परिणाम वेगळे ओळखता आले पाहिजेत.

रिम बदलत असाल तर आणखी एक आकडा येतो, रिमवरचा ईटी. रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसवतात त्या भागाला, जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा सांगतो. ईटी ४५ च्या जागी ईटी ३० घेतली तर चाक १५ मिलिमीटरने बाहेर येतं. टायरचं माप अचूक असूनही चाक मडगार्डला घासतं, ते बहुतेक वेळा यामुळे.

मोठी रिम आणि ठेंगणी भिंत दिसायला छान असते, हे नाकारत नाही. वळणावर गाडी जास्त नेमकी वागते, हेही खरं. पण भिंतीतलं रबर हे खड्डा आणि रिम यांच्यामधलं शेवटचं अंतर आहे. रस्ते खराब असतील तर कंपनीच्या यादीतली सर्वांत लहान रिम निवडणं मला शहाणपणाचं वाटतं.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेरातला फरक मधल्या यंत्रणेवर सतत ताण आणतो. तिथे माप सारखं असून भागत नाही, घासलेली नक्षीही जवळपास सारखी लागते.

ओळ वेगळी दिसली तर

मापाच्या आधी पी असेल तर तो अमेरिकी पद्धतीने प्रमाणित केलेला प्रवासी गाडीचा टायर. आकडे तसेच वाचायचे. आधी एलटी असेल तर हलक्या ट्रकाचा. मापाच्या शेवटी सी असेल तर मालवाहू व्हॅनचा, आणि त्याला दोन भारांक तिरक्या रेघेने लिहिलेले असतात: पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडीने लावलेल्या चाकांसाठी.

३१×१०.५० आर १५ असं काही दिसलं तर पद्धतच निराळी. इथे पूर्ण व्यास ३१ इंच, रुंदी साडेदहा इंच आणि रिम १५ इंच. टक्का नाहीच.

आधी टी असेल, समजा टी १२५/७० डी १५, तर ती तात्पुरती बारीक स्टेपनी. तिला साधारण ४२० किलोपास्कल, म्हणजे ६० पीएसआय इतकी हवा लागते आणि बहुतेकांवर ८० किलोमीटर प्रतितासाची मर्यादा छापलेली असते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या स्टेपनीत एवढी हवा क्वचितच शिल्लक असते, तेव्हा आजच पाहा.

जन्मतारीख

माप बरोबर आहे, आता वय. भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात, बऱ्याचदा लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. तीनच आकडे दिसले तर टायर त्याआधीचा आहे, नक्षी कितीही कोरी दिसली तरी तो वापरायचा नाही. पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूची ओळ तारखेशिवायच संपते. बाहेरून तारीख सापडली नाही तर आतल्या बाजूला पाहा.

रबर न वापरताही वयाने कडक होतं. काही कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि फार तर दहा वर्षांपर्यंत वापर असं सांगतात.

उरलेल्या खुणा, भराभर

वर्तुळात किंवा चौकटीत ई आणि आकडा म्हणजे कोणत्या देशाने मंजुरी दिली ते: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. टायर तिथे बनला असा याचा अर्थ नाही. एम आणि एस ही अक्षरं चिखल आणि बर्फासाठी, पण ती बनवणाराच छापतो. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल तर बर्फावरची चाचणी खरोखर पार केलेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरांवर 'ट्रेडवेअर' पुढे आकडा असतो. १०० हा पाया, ४०० असेल तर चाचणीत तो चौपट टिकला. मात्र हे आकडे कंपन्या स्वतःच देतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून फारशी करू नका. टीडब्ल्यूआय (नक्षी किती घासली ते दाखवणारी खूण) जिथे लिहिलंय त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीचा उंचवटा असतो. नक्षी घासून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. भिंतीवर एखादा तारा किंवा एमओ, एओ, एन० अशी खूण असेल तर तो टायर अनुक्रमे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, पोर्शसाठी जुळवलेला असतो. इतर गाड्यांना त्याने अपाय नाही, खास उपकारही नाही.

रिमवर चढण्याआधी

नवीन टायर समोर आला की तो रिमवर चढवण्याआधी पुढच्या क्रमाने वाचा: पूर्ण माप, भारांक आणि वेगाचं अक्षर, एक्सएल आहे की नाही, आणि चारही टायरांच्या तारखा. एकदा चढवल्यावर हरकत घेणं अवघड जातं. 'तेच माप आहे' असं सांगितलं जाईल तेव्हा ते बहुधा पहिल्या तीन आकड्यांबद्दलच असतं, चौथा आणि अक्षर आपणच पाहायचं.

'रोटेशन' आणि बाण असेल तर बाण गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. असे टायर डावे-उजवे आपापसांत बदलताना रिमवरून काढावे लागतात. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली की नाही, हे गाडीभोवती एक फेरी मारून पाहा. प्रत्येक चाकावर तो शब्द बाहेरून वाचता आला पाहिजे, आणि 'इनसाइड' कुठेही दिसता कामा नये. भिंतीवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची सर्वांत हलकी जागा. ती व्हॉल्व्हजवळ आणून बसवली की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. शेवटी हवा लेबलप्रमाणे भरून घ्या आणि गाडीत दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर ती पुस्तिकेत दिल्याप्रमाणे नव्याने सेट करा. काही गाड्यांतली यंत्रणा दाब थेट न मोजता चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखते, आणि तिच्या हिशेबात अजून जुन्या टायरचाच घेर असतो.